मोठ्यांसाठीचा बाहुल्यांचा खेळ पाहायला जाताना घ्यावयाची काळजी

गेल्या शनिवारी नागपुरातल्या एका सभागृहात प्रौढांसाठीच्या प्रायोगिक बाहुलीनाट्याला गेलो होतो. प्रयोग पाहिला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. प्रेक्षक मात्र मनसोक्त पाहिले. त्यांच्याकडून जे शिकलो, ते अशा खेळाला प्रथमच जाणाऱ्या रसिकांच्या सोयीसाठी येथे नोंदवतो.

सातच्या प्रयोगाला साडेसातला पोहोचावे, कारण सत्कार तोवर आटोपलेले नसतातच.

तिकिटावर 'केवळ प्रौढांसाठी' असे छापलेले असले, तरी चार वर्षांच्या नातवाला अवश्य न्यावे. म्हाताऱ्या बाहुल्याच्या मरणाचा प्रसंग रंगात आला असताना "आजोबा, हा उठत का नाही?" हा त्याचा प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू द्यावा. (त्या संध्याकाळी योग्य प्रश्न विचारणारा तो एकटाच होता, हेही कबूल केले पाहिजे.)

काळ्या कपड्यांतली माणसे दिसताच ती शेजाऱ्याला दाखवावीत. जपानच्या बुनराकूत एका बाहुलीला तिघे चालवतात; मुख्य चालक डोके आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय सांभाळतो, आणि मुख्य चालकाचा चेहरा तर पुष्कळदा उघडाच असतो. समोर उभा असलेला माणूस हळूहळू दिसेनासा व्हावा, हीच त्या कलेची किमया आहे. आपण मात्र फसायचे नाही. "तो पाहा, मागचा हलवून राहिला," असे मोठ्याने सांगून कलावंताची चोरी उघडकीस आणावी.

छायाबाहुल्यांचा भाग सुरू झाला की मोबाइल बाहेर काढावा आणि त्याचा दिवाही लावावा. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या चामड्याच्या बाहुल्या असोत किंवा आजच्या पुठ्ठ्याच्या, सावलीचे गणित एकच असते: दिवा पडद्यामागे, बाहुली दिवा आणि पडदा यांच्यामध्ये, आणि पडद्याच्या अलीकडे काळोख. अलीकडून उजेड पडला की सावली फिकी पडते आणि खेळ तिथेच संपतो. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना क्षमा आहे. पण दुसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना पडद्यामागून दोनदा हात जोडून विनंती करण्यात आली होती, तरी त्यांनी चित्रीकरण थांबवले नाही, आणि मध्येच आलेला फोन उचलून "हो, नाटकातच आहे, बोल" असे सांगून पुढे प्लॉटच्या रजिस्ट्रीची चर्चा केली. त्यांच्या मोबाइलमध्ये काय आले असेल? एक पांढरा पडदा आणि त्यांचाच आवाज!

मध्यंतरात हेच गृहस्थ म्हणाले की बाहुल्या म्हणजे पोरखेळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या रस्त्यांवर निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांमागे "इडा, पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत उन्हातान्हात चालणारे आपण सारे कोण आहोत मग? काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. ज्या शहराने आपला राग, रोगराई आणि राजकारण बाहुल्यांवर लादून वेशीबाहेर धाडले, त्या शहराला बाहुली हे मोठ्यांचे काम आहे, हे कोणी येऊन शिकवावे?

उपरोध पुरे झाला. दीड तास हात उंच धरून, काळ्या बुरख्यात घामाघूम होत चार माणसे आपल्यासाठी एका लाकडी म्हाताऱ्याला श्वास घ्यायला लावत होती आणि तुम्हाला एक मोबाइल खिशात ठेवता आला नाही. बुरखे काढून ती नमस्काराला वाकली, तेव्हा निम्मे सभागृह पार्किंगमध्ये हॉर्न वाजवत होते. एवढी कसली घाई होती हो तुम्हाला?