शनिवारी स्वस्तात फिरायचंय? सोमवारपासून अभ्यासाला लागा

विलायतेत रेल्वेचं तिकीट काढणं अवघड आहे असं जे सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. शनिवार-रविवारपुरता नियम एका ओळीचा आहे: शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडेला साधारणपणे दिवसभर ऑफ-पीक, म्हणजे बिनगर्दीचा स्वस्त दर. गर्दीच्या वेळेचं महागडं तिकीट नको, केव्हाही निघा, केव्हाही परता. एवढं वाचून तुम्ही खुशाल पाय पसरून झोपा. झोपण्याआधी फक्त शनिवार म्हणजे काय, दिवस म्हणजे काय, गाडी म्हणजे काय आणि रस्ता म्हणजे काय, एवढ्या चार किरकोळ बाबी उरकून घ्या.

शनिवारच घ्या. घड्याळाच्या हिशेबानं तो रात्री बाराला लागतो, आपल्या पंचांगाच्या हिशेबानं सूर्योदयाला. इंग्रजांच्या रेल्वेनं दोघांचाही मान राखून मधला मुहूर्त काढलाय. तिकिटाचा दिवस दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजून २९ मिनिटांनी संपतो. शुक्रवारी रात्री मित्राकडे जेवून साडेबाराच्या गाडीनं घरी निघालात, तर मनगटावर शनिवार आणि तिकिटावर शुक्रवार. यात वाद घालू नका. आपल्याकडे एकादशी दोन दिवस असते तेव्हा तुम्ही कुणाशी भांडता का?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर निघालो की वीकएंड लागला, हा तर अगदीच बालिश समज. लंडनच्या काही टर्मिनसांतून लांबच्या गाड्यांना संध्याकाळचाही पीक असतो. तेव्हा माझं ऐका. स्टेशनातल्या मोठ्या फलकाखाली माना वर करून उभ्या असलेल्या घोळक्यात सामील व्हा आणि सात-सव्वासातपर्यंत गार सँडविच खात उभे राहा. मग पहिल्या ऑफ-पीक गाडीचा फलाट जाहीर होईल. त्या गाडीवर जी झुंबड उडते, ती बघितली की ‘गर्दीची वेळ’ कशाला म्हणतात ते तुम्हाला कळेल, आणि तेही ऑफ-पीकच्या दरात.

आता गाडी. सकाळचा पीक बऱ्याच ठिकाणी साडेनऊच्या आसपास संपतो. समजा बंदी ९:२९ला उठते आणि तुमच्यासमोर ९:२६ची गाडी पंधरा मिनिटं लेट होऊन ९:४१ला सुटायला उभी आहे. चढू नका! नियम गाडी सुटते केव्हा हे बघत नाही, वेळापत्रकानुसार ती सुटायला हवी होती केव्हा, हे बघतो. मनानं ती गाडी केव्हाच गेलेली आहे. तुम्हाला दिसतंय ते तिचं पार्थिव.

एवढं पचलं की तिकिटांच्या जातीकडे वळा. पूर्वी सेव्हर, सुपरसेव्हर, ओपन असली नावं होती. लोकांचा गोंधळ होतो म्हणून २००८मध्ये ती बदलून एनीटाइम, ऑफ-पीक, सुपर ऑफ-पीक आणि ॲडव्हान्स अशी चार सुटसुटीत नावं ठेवली. शनिवारी सगळंच ऑफ-पीक असेल तर सुपर ऑफ-पीक कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो मनातच ठेवा. कुठे असतं, कुठे नसतं. असलं की घ्यावं. पत्रावळीवर भजं पडलं तर आपण पंगतीत कारण विचारत नाही.

एकेरी तिकीट मात्र घेऊ नका. कित्येक मार्गांवर एकेरी ऑफ-पीक हे परतीच्या ऑफ-पीकपेक्षा पौंडभर किंवा चक्क १० पेन्सांनी स्वस्त असतं. म्हणजे जायचं भाडं घेतात आणि यायचं चिंचेच्या गोळीसारखं वर देतात. डे रिटर्न घेतलंत तर त्याच दिवशी, म्हणजे अर्थातच ४:२९पर्यंत, परत या. नुसतं रिटर्न घेतलंत तर महिनाभर पाहुणचार झोडा.

देशात असली एकूण भाडी किती? २०१८मध्ये रेल्वे कंपन्यांच्या संघटनेनंच आकडा दिला होता: सुमारे साडेपाच कोटी. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा साडेसहा कोटींच्या पुढे होती. माणशी एक भाडं पुरवण्याच्या ते अगदी जवळ आले होते.

मी स्विंडनला राहतो. ही विद्या मला माझ्या सासऱ्यांमुळे आली. अण्णा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात सात-बारा, फेरफार आणि आठ-अ यांत गेली. मागच्या गणपतीत ते कराडहून आले ते नेमके रविवारी दुपारी हीथ्रोवर उतरले. मी विमानतळापासूनच फुशारकी मारत होतो, की आज रविवार, ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचं, भाडंसुद्धा ऑफ-पीक. खरं तर हीथ्रो ते झोन १, म्हणजे मध्य लंडन, हा ट्यूबचा प्रवास सप्टेंबर २०२२पासून चोवीस तास, सातही दिवस पीकच धरला जातो. अण्णा म्हणाले, “म्हणजे गावठाणात एक दर आणि वेशीवर दुसरा. असतं तसं.” आल्या आल्या माणूस रुळला.

पुढच्या रविवारी लंडनला महाराष्ट्र मंडळात आरतीला जायचं ठरलं. मंडळ १९३२ सालचं, डॉलिस हिलला. अण्णांनी आदल्या रात्री तिकीट हातात घेतलं. वर-खाली केशरी पट्टा असलेलं, देवळातल्या देणगीच्या पावतीएवढं कार्ड. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं आणि कोपऱ्यातल्या दोन बारीक अक्षरांवर अंगठ्याचं नख ठेवलं.

“जावईबापू, हे काय?”

तो निर्बंधाचा संकेतांक. दोन खुणा असतात, एखादा आकडा, एखादं अक्षर. त्यांचा अर्थ तिकिटावर छापत नाहीत. तो इंटरनेटवर शोधायचा असतो. मी शोधून दिला. ‘सोमवार ते शुक्रवार, वेळापत्रकानुसार अमुक वाजल्यानंतर व तमुक वाजण्यापूर्वी सुटणाऱ्या गाड्यांत ग्राह्य नाही, अमुक स्थानकावरून चढल्यास…’ अण्णांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. “हे इतर हक्क झाले,” ते म्हणाले. “माणसं नाव बघतात आणि क्षेत्र बघतात. भानगड कायम इतर हक्कात असते.”

तुम्हीही तसंच वाचायला शिका. संकेतांक झाला की मार्ग वाचा. ‘कुठल्याही मान्य मार्गानं’ असं लिहिलेलं असतं आणि वाचून बरं वाटतं. मान्य मार्ग कोणते याचं मात्र एक वेगळं मार्गदर्शक आहे, त्यात नकाशे आहेत, आणि त्या नकाशांना अपवाद आहेत. लंडन ओलांडून पलीकडे जायचं असेल तर तिकिटावर एक छोटासा क्रूस शोधा. तो असला की मधली ट्यूब त्याच पैशांत. नसला की देवाचं नाव घ्या.

स्वस्ताईचा खरा मार्ग पुढेच आहे. स्विंडन ते लंडन एक तिकीट काढण्याऐवजी स्विंडन ते डिडकॉट आणि डिडकॉट ते लंडन अशी दोन काढली तर पुष्कळदा कमी पैसे पडतात. गाडी तीच, सीट तीच, चहा तोच. अट एकच, की गाडी डिडकॉटला थांबली पाहिजे. तुम्ही उतरलं पाहिजे असं नाही, तिनं थांबलं पाहिजे. न थांबता गेली तर तुम्ही त्या क्षणापासून विनातिकीट. अण्णांना हे समजावायला मला अर्धं वाक्यही लागलं नाही. “खातेफोड,” ते म्हणाले आणि पुन्हा पोह्यांकडे वळले.

सवलतीचं रेलकार्ड विसरू नका. साठी उलटलेल्यांना एक तृतीयांश सूट मिळते, इथले रहिवासी असण्याचीही गरज नाही. अण्णांचं कार्ड पासपोर्टवर निघालं. नवरा-बायकोसाठी टू टुगेदर घ्या. त्यात दोघांचे फोटो असतात आणि प्रवास दोघांनी मिळूनच करावा लागतो. वीकएंडला त्याला वेळेचं बंधन नाही, पण डिडकॉटपर्यंत भांडण झालं आणि एक जण रागानं उतरला, तर दुसऱ्याच्या तिकिटाचं काय होतं याचा आधी विचार करा. आमचं लग्न त्या कार्डानं दोनदा वाचवलंय.

आणि चूक झाली तर? घाबरू नका, फार काही होत नाही. इंग्लंडात जानेवारी २०२३पासून दंडाचं भाडं १०० पौंड अधिक एकेरी प्रवासाचं तिकीट, २१ दिवसांत भरलं तर शंभराचे पन्नास. २०२४मध्ये उत्तरेकडच्या एका तरुणावर सकाळी दहाच्या आत तरुणांच्या रेलकार्डाची सवलत वापरली म्हणून खटल्याची पाळी आली होती. तिकीट त्याचं एनीटाइम होतं. नावातच ‘केव्हाही’. पण सकाळी दहापर्यंत त्या कार्डाला १२ पौंडांची किमान भाड्याची अट असते, आणि वाचले होते १ पौंड ९० पेन्स. बोभाटा झाल्यावर कंपनीनं माघार घेतली. हा मुलगा शनिवारी निघाला असता तर काही झालं नसतं, हे मी त्याला सांगणार होतो, पण नोकरीवर सोमवारी जायचं असतं असं काहीतरी तो म्हणाला असता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक गंमत झाली. काही रेल्वे कंपन्या फुकट्या प्रवाशांवर एका झटपट कार्यपद्धतीनं खटले भरत होत्या. बंद दाराआड एकच न्यायाधीश, नुसत्या कागदांवर निकाल. संबंधित कायद्याखाली ती पद्धत वापरण्याचा अधिकारच कंपन्यांना नव्हता, असं निघालं आणि सुमारे ७४ हजार शिक्षा न्यायालयानं रद्दबातल ठरवल्या. इतकी वर्षं नियमाची ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. प्रवाशांनी बारीक अक्षरं वाचावीत असा आग्रह धरणाऱ्यांची दृष्टी मुळातच अधू असते, त्यांना समजून घ्या.

सुधारणा होत नाहीत असं नाही. लंडन-न्यूकॅसल-एडिंबरा मार्गावर एलएनईआर या रेल्वे कंपनीनं २०२४च्या फेब्रुवारीत ऑफ-पीक काढूनच टाकलं आणि त्या जागी ‘७० मिनिट फ्लेक्स’ आणलं: आरक्षित गाडीच्या आधी-मागे सत्तर मिनिटांतल्या गाड्या चालतील. साठ नाही, नव्वद नाही, सत्तर. आता संकेतांक पाठ करायला नको, पाढे पुरतात. स्कॉटलंडनं तर स्कॉटरेलवरचं पीक भाडंच १ सप्टेंबर २०२५पासून मोडीत काढलं. तिथले लोक हल्ली प्रवासात एकमेकांशी काय बोलत असतील कोण जाणे.

तर, आमचा रविवार. दोन तिकिटं, एक रेलकार्ड, डिडकॉटला थांबणारी गाडी, सगळं चोख. गाडी डिडकॉटला थांबली आणि थांबलीच. पुढे रुळांचं काम. ऑफ-पीक वीकएंडला का असतं याचं उत्तर तुम्हाला एव्हाना सापडलं असेल: रूळ उखडायचे तेही वीकएंडलाच असतात. बाहेर रेल्वेऐवजी बस लागली होती. केशरी जाकीट घातलेला एक पोरगा हातवारे करून लोकांना रांगेत उभं करत होता. बाप्पाच्या नैवेद्याचे एकवीस मोदक मांडीवर घेऊन आम्ही रेडिंगपर्यंत शेतांमधून गेलो. मोदकांच्या कळ्या एकेक करून बसत होत्या. अण्णा खिडकीतून बांध बघत होते.

“एवढा तुकडा पोटखराबा,” ते म्हणाले. “पण सारा पूर्ण घेतात ना?”

आरतीला पोहोचलो तेव्हा मंत्रपुष्पांजली चालू होती.

रात्री स्विंडनला उतरलो. ते तिकिटाचं कार्ड कराडला नेऊन तलाठ्यांच्या जुन्या कंपूला दाखवायचं अण्णांनी पक्कं केलं होतं. बसमध्ये त्यांनी ते दोनदा पाकिटातून काढून पुसलं होतं. फाटकात घातलं. दारं उघडली, ते पलीकडे गेले आणि हात पुढे करून थांबले. प्रवास संपलेलं तिकीट यंत्र परत देत नाही. मागून माणसं येत होती. अण्णांनी फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीला गाठलं आणि मला बोलावून घेतलं.

“जावईबापू, विचारा हिला, याची नक्कल कुठे मिळते?”