‘तारीख मागे घ्या, सॉफ्टवेअर फुकट वापरा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

‘ट्रायल संपली? कॉम्प्युटरची तारीख वर्षभर मागे घ्या, सॉफ्टवेअर फुकट चालतं. वेबसाइटवर लाल इशारा आला तर घाबरू नका, ॲडव्हान्स्ड दाबून पुढे जा. तारीख आपोआप मागे जात असेल तर व्हायरस आहे, फॉरमॅट मारा.’

हा मेसेज लालबागच्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो तंतोतंत पाळला. रविवारी गेलो तर ती रडकुंडीला आलेली. सोसायटीची मेंटेनन्सची बिलं रात्री तयार करून ठेवलेली, सकाळी सापडेनात. फाइलवर गेल्या वर्षाची तारीख पडली होती, त्यामुळे ती यादीत खाली जुन्या बिलांमध्ये जाऊन बसली. बेचाळीस बिलं तिने परत टाइप केली.

फुकटचं म्हणाल तर काही जुनी सॉफ्टवेअर्स अशी फसायची, मान्य. आताची बरीच स्वतःच्या सर्व्हरला तारीख विचारतात. मावशीचं उघडलंसुद्धा नाही.

पण माझा खरा राग त्या ‘पुढे जा’वर आहे. सुरक्षित साइटकडे ती खरी असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्यावर ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या २००८ च्या आरएफसी ५२८० या नियमपत्रात ते स्पष्ट लिहिलंय. ब्राउझर ती मुदत तुमच्या कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतो. २०२० पासून या प्रमाणपत्रांना ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही. म्हणजे तारीख वर्षभर मागे नेली की बहुतेक साइट्सची मुदत अजून सुरूच झालेली नसते!

मावशीला दिसलेला इशारा तारखेमुळेच होता, म्हणजे ‘घाबरू नका’ एवढं त्या मेसेजचं खरं. पण मग बँकेच्या खऱ्या साइटवरही लाल पान आणि भामट्याच्या साइटवरही तेच लाल पान. तिने ओळखायचं कसं? शिवाय गुप्त किल्ली (साइटची ओळख पटवणारा सांकेतिक कोड) चोरीला गेलेलं, मुदत संपलेलं जुनं प्रमाणपत्र मागच्या तारखेला पुन्हा चालू शकतं. बऱ्याच बँकांच्या साइटवर पुढे जायचं बटणच येत नाही, म्हणून ती वाचली. त्याच खात्यात तिचं पेन्शन येतं.

आणि व्हायरस? कॉम्प्युटर बंद केला की तारीख मागे जात असेल तर बहुधा मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किटवरचा), बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल संपलेला असतो. लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो. त्यासाठी फॉरमॅट मारून घरातले फोटो घालवायचे?

मावशीच्या कॉम्प्युटरवर ‘वेळ आपोआप सेट करा’ चालू केलं. बँकेचं पान लगेच उघडलं. तिच्या ग्रुपवर मी हेच लिहून टाकलंय, तुमच्याकडे तो मेसेज आला असेल तर तुम्हीही टाका.