कंबरेचा पॅड कंबरेलाच राहू द्या

‘घरात साप पाळताय? दुकानदारांच्या नादी लागू नका’ अशा मथळ्याचा एक मजकूर गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली सात मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त सर्पप्रेमींपर्यंत पोचवा’. परवा तो भाच्यापर्यंत पोचला. त्याच्याकडे रीतसर नोंदवलेला बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला बिनविषारी अजगर आहे, आणि मजकूर वाचून त्याने आजीचा कंबर शेकायचा पॅड कपाटातून काढूनही ठेवला होता. म्हणून हे लिहिणं आलं.

मुद्दे थोडक्यात असे. एक, साप थंड रक्ताचा, आपल्या हवेत त्याला हीटर लागत नाही. दोन, लागलाच तर कंबरेचा पॅड पेटीत अंथरा. थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या अंशांवर राखणारं उपकरण) म्हणजे निव्वळ पैसे उकळणं. तीन, दिवसातून चार वेळा स्प्रे मारा, काचेवर वाफ धरली की ओलावा बरोबर. चार, ओलावा टिकायला पेटीची भोकं बुजवा. पाच, तापमान-ओलावा मोजायला मीटर कशाला, हात घातला की अंदाज येतो. सहा, कात अडकली तर खोबरेल तेल चोळून ओढून काढा. सात, हे सगळं मांडूळ आणि धामणीलाही लागू.

सातवा आधी निकालात काढू, कारण त्यात तुरुंग आहे. मांडूळ, धामण, नाग, अजगर हे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. घरात ठेवायचे नाहीत, विषय संपला. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला. तो भारतात ठेवायचा तर २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते, नवा आणला तर ३० दिवसांच्या आत. पुढचं सगळं या एकाच सापाबद्दल आहे.

आता दुसरा मुद्दा. कंबरेचा पॅड माणसासाठी बनवलाय. माणूस वीस मिनिटं शेकतो, चटका बसला की सरकतो, नाहीतर बटण बंद करतो. साप यातलं काहीच करत नाही. भोवतालची हवा २० अंश आणि पोटाखाली तेवढी एकच गरम जागा असेल, तर तो तिथेच वेटोळं घालून रात्र काढतो. खालून येणाऱ्या चटक्यापासून साप वेळेत बाजूला होत नाहीत, हे साप पाळणाऱ्यांना आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यात वेटोळ्याखालची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे पॅडचा बाकीचा भाग कोमट लागला तरी सापाखालचा भाग कितीतरी जास्त तापलेला असतो.

‘पण पॅड काही उकळत नाही, हाताला तर बरा वाटतो’ असं कुणी म्हणेल. भाजण्यात तापमानाइतकाच वेळ मोजावा लागतो. मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली डुकराच्या आणि माणसाच्या कातडीवर हेच मोजलं. ६० अंशांना सुमारे ५ सेकंदांत कातडी भाजते, आणि अवघ्या ४४ अंशांनासुद्धा भाजते, फक्त सुमारे ६ तास लागतात. सापाची कातडी वेगळी हे मान्य, पण रात्रभर चिकटून पडलेल्या प्राण्याला ४४ अंश ‘बरे’ नसतात एवढं यातून कळायला हरकत नाही. पोटाचे खवले आधी गुलाबी दिसतात, मग तपकिरी पडतात, फोड येतात. बऱ्याचदा हे दोन-चार दिवसांनी लक्षात येतं, तोवर पॅड चालूच असतो. त्यावर हळद नको, टूथपेस्ट तर नकोच, पशुवैद्याकडे न्या. आणि कापडी खोळीचं विजेचं उपकरण ओल्या पेटीत, तेही साप त्यावर मुतणार हे माहीत असताना ठेवायचं, यावर काय बोलावं!

सापांसाठीची हीट मॅटही थर्मोस्टॅटशिवाय चालवली तर असंच करते. ती पेटीच्या बाहेर, तळाखाली लावायची. तळाचा एक तृतीयांश भाग झाकेल एवढीच. पेटीला चार रबरी पाय द्यायचे, म्हणजे खाली हवा खेळते. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) मॅट आणि तळ यांच्यामध्ये. या मॅटची खरी अडचण वेगळीच आहे. तिच्यावर अंथरूण जाड झालं की ते उष्णता अडवतं, वर काही पोचत नाही. मग माणूस थर्मोस्टॅट वाढवत राहतो, साप ऊब शोधत उकरत तळाशी जातो आणि उघड्या तापलेल्या काचेवर पोट टेकतो. बॉल पायथनला ओलाव्यासाठी तर जाडच अंथरूण हवं. म्हणून मोठ्या सापाच्या पेटीत उष्णता वरून दिलेली बरी.

पूर्ण वाढलेल्या सापासाठी १२० × ६० × ६० सेंटिमीटरची पेटी धरा. एका टोकाला वरून ८० ते १०० वॅटचा सिरॅमिक हीटर. होल्डर चिनीमातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. हीटरभोवती तारेची जाळी हवी, नाहीतर साप त्यालाच विळखा घालतो. थर्मोस्टॅट शक्यतो पल्स पद्धतीचा, म्हणजे हीटरला थोड्या थोड्या झटक्यांत वीज देणारा. साधा चालू-बंद होणाराही चालतो, पण त्यात तापमान वर-खाली जास्त होतं. प्रोब हीटरच्या खाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर. गरम टोकाला पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, गार टोकाला हवा २५ ते २७. दोन्ही टोकांना अंग घट्ट बसेल अशी लपायची एकेक जागा द्या. साप ऊब आणि आडोसा यांतून आडोसा निवडतो, आणि लपायची जागा फक्त गार टोकाला असेल तर हीटर रिकाम्या जागेसाठी जळत राहतो.

थर्मोस्टॅट असूनही साप भाजतात, ते बहुतेक वेळा प्रोबमुळे. साप प्रोब ढकलतो, तो पाण्याच्या भांड्यात पडतो. थर्मोस्टॅटला २५ अंश दिसतात, तो हीटर पूर्ण क्षमतेने चालवत राहतो आणि पेटीची भट्टी होते. प्रोब केबल टायने पक्का बांधा. चिकटपट्टी पेटीत कधीही नको. ती सुटून सापाला चिकटली की काढताना खवल्यांसकट निघते.

आता पहिला मुद्दा, आणि इथे नाइलाजाने थोडं मान्य करावं लागेल. सापाचं शरीर स्वतःची उष्णता बनवत नाही हे खरं. (अंड्यांवर बसलेली बर्मी अजगराची मादी स्नायू आखडून अंग तापवते, पण तो अपवाद.) मात्र यातून ‘म्हणून उष्णता लागत नाही’ कसं निघतं? स्वतः बनवत नाही म्हणूनच बाहेरून लागते. उंदीर गिळल्यावर अंग पुरेसं गरम नसेल तर तो पचत नाही, साप उलटून टाकतो. कोकणात एप्रिल-मेमध्ये हीटर दिवसचे दिवस आपोआप बंद राहील, हेही खरं. पण पुण्यात जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. आणि नागपुरात मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंश असतात, तेव्हा प्रश्न उलटा होतो: ३५ च्या पुढे हा साप धोक्यात येतो, पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवावी लागते. ‘आपली हवा’ म्हणजे नेमकी कुठली हवा?

लाइट गेली तर पेटीवर जाड गोधडी टाका, आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकवा. काही तास २२-२३ अंशांवर निरोगी साप मरत नाही. त्या दिवशी खायला मात्र घालू नका.

तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्रच घेतो, कारण दोन्हींमागे गैरसमज एकच: ओलावा वेगळा आणि उष्णता वेगळी. मीटरवर जी टक्केवारी दिसते ती सापेक्ष असते. २४ अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २१.८ ग्रॅम बाष्प धरते, ३२ अंशांची ३३.८ ग्रॅम. एसी लावलेल्या खोलीत २४ अंश आणि ५० टक्के असतील, तर हवेत १०.९ ग्रॅम बाष्प आहे. तीच हवा पेटीत शिरून ३२ अंशांना तापली की टक्केवारी उरते ३२. पाण्याचा एक थेंब कमी झालेला नाही, तरी हवा कोरडी झाली. उलट रत्नागिरीत जुलैत २७ अंश आणि ८८ टक्के असतील, तर तापल्यावरही ६७ टक्के राहतात. तिथे काहीच करायला नको, उलट अंथरूण कोरडं ठेवायची काळजी घ्यावी लागते. म्हणून ‘दिवसातून चार वेळा’ हा आकडा रत्नागिरीलाही चुकीचा आणि एसीच्या खोलीलाही.

स्प्रेचं पाणी वरवर बसतं. तासा-दोन तासांत ९५ टक्क्यांवरून पुन्हा ४० वर, की पुन्हा स्प्रे. मधल्या वेळात सापाचं पोट ओल्यावर. पोटाचे खवले कुजायला एवढं पुरतं. त्यात पहिला मुद्दा पाळून हीटरही काढला असेल, तर गार आणि ओलं हे दोन्ही जमून येतं, आणि श्वसनाचा संसर्ग असाच होतो: नाकपुडीवर बुडबुडे, श्वास घेताना टिकटिक, डोकं वर करून तोंड उघडं. भोकं बुजवली की शिवाय बुरशी. आणि काचेवर वाफ धरली याचा अर्थ काच आतल्या हवेपेक्षा बरीच गार आहे, इतकाच. थंडीत खिडकीजवळच्या पेटीत आतला ओलावा ५० टक्के असतानाही काच धुरकटते.

पाणी अंथरुणाच्या तळाशी हवं. नर्सरीत मिळणारी कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) ६५० ग्रॅमची वीट फुलून साधारण ८-९ लिटर होते. वरच्या मापाच्या पेटीत ८ सेंटिमीटर थराला ५८ लिटर लागतात, म्हणजे सात विटा. झाडांसाठीच्या कोकोपीटमध्ये कधी कधी मीठ असतं, म्हणून दोनदा धुऊन पिळून घ्या. थोडे नारळाच्या सालीचे जाड तुकडे मिसळा, नुसतं कोकोपीट सुकलं की धूळ उडते. मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब पडू नये. नंतर ओलावा कमी झाला की अर्धा लिटर पाणी चारही कोपऱ्यांतून हळूहळू ओता. ते खाली जातं, वरचा थर कोरडा राहतो, आणि तळातून बाष्प दिवसेंदिवस वर येत राहतं. गार टोकाला ६० ते ७० टक्के दिसले की पुरे. गरम टोकाचा मीटर त्याच वेळी ४५ दाखवेल. तो बिघडलेला नाही, वरचं गणित पाहा.

भोकांबद्दल अर्धसत्य एवढंच की वरून पूर्ण जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टाकीतून ओलावा भराभर जातो. तिथे दोन तृतीयांश जाळीवर अ‍ॅक्रिलिकची पट्टी ठेवा, हीटरपासून लांब. बाजूची भोकं उघडीच.

पाचवा मुद्दा, हाताचा अंदाज. आपल्या तळहाताची कातडी साधारण ३२-३३ अंशांची असते. म्हणजे बरोबर तापलेली जागा हाताला ना गरम लागते ना गार, आणि माणूस म्हणतो, ‘अरे, हे तर तापतच नाही!’ आणि वाढवतो. कोविडच्या काळातली कपाळाला लावायची बंदूक घरात असेल तर ती पृष्ठभागाच्या मोडवर टाकून वापरा. शरीराच्या मोडवर ती भलतेच आकडे देते. ओलाव्यासाठी दोन डिजिटल मीटर घ्या, काट्याचे गोल मीटर नकोत. आणि मीटर तपासायला मीठ पुरतं: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात लापशीसारखं होईल एवढंच पाणी, झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत. बारा तासांनी मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवले तर पाच मिळवून वाचायचं.

राहता राहिला सहावा. तेलाने कातीत ओलावा शिरत नाही, ती नुसती निसरडी होते, आणि ओढली की खालची नवी कातडीही सोलवटते. डोळे निळसर धुरकट झाले की काही दिवसांत साप कात टाकणार. त्याच वेळी झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलं मॉस (शेवाळ) भरून तो डबा मध्यभागी ठेवा. बहुतेक वेळा अडकायची वेळच येत नाही. अडकलीच तर २८-३० अंशांच्या पाण्यात, पाठ पाण्यावर राहील एवढ्याच उंचीत, वीस मिनिटं समोर बसून भिजवा आणि मग ओल्या खरखरीत टॉवेलातून त्याला स्वतःला सरपटू द्या. डोळ्यावर राहिलेल्या जुन्या कातीच्या टोपीला हात लावू नका. सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि चिमट्याने ओढताना नेमका तोच निघून येतो. ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट पाहा. तेव्हाही टोपी राहिली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या.