आपण आत का जात नाही?

आज सौदे उरकले, दुकानात चहा आला आणि तेवढ्यात लेकीचा फोन. ती एरवी रविवारी फोन करते. मधल्याच वारी आला की पोटात गोळा येतो. "बाबा, घाबरू नका, यांची नोकरी गेली." ग्रीन कार्ड आहे, त्यामुळं देश सोडायचा प्रश्न नाही. थोडी शिल्लकही आहे. मग तिचा आवाज उतरला. "महिनाअखेरीला विमा संपतोय."

शेजारी आमचे एक व्यापारी मित्र हळकुंड मोडून रंग बघत बसले होते. ऐकून म्हणाले, "अमेरिका म्हणजे अमेरिका हो. तिथं कुणाला फुकटची सवय नाही, म्हणून तर देश पुढं गेला." मी गप्प बसलो. गिऱ्हाईक आहे. पण घरी आल्यावर घास उतरेना, म्हणून इथं लिहितोय. तेही फेसबुकवर आहेत. वाचतील. वाचू देत.

२०१९, आपल्या सांगलीच्या महापुराचं वर्ष. ऑगस्टमध्ये घरातला गाळ उपसला, दिवाळीच्या आधी आम्ही दोघं ओहायोला लेकीकडं गेलो. एका संध्याकाळी पाच वर्षांचा नातू पळता पळता टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. भुवई फाटली. हिनं बॅगेतला सोलापुरी टॉवेल काढून दाबून धरला. गाडीत बसलो, दहा मिनिटांत हॉस्पिटल. हे एवढं मोठं, काचेचं, वर लाल अक्षरांत 'इमर्जन्सी'. मी दार उघडायला गेलो, तर जावईबापू म्हणाले, "बाबा, एक मिनिट."

गाडी बंद केली आणि फोन लावला. हे हॉस्पिटल आपल्या विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत, आहे का, एवढंच विचारायचं होतं. फोनवर गाणं वाजत होतं. मागं पोराच्या डोक्याला टॉवेल, टॉवेल लाल होत चाललेला, समोर पन्नास पावलांवर डॉक्टर. नातू रडायचा थांबला आणि म्हणाला, "आजोबा, आपण आत का जात नाही?"

काय सांगणार होतो मी त्याला?

एक लक्षात घ्या, आमचे जावई कंजूष नाहीत. लेकराच्या रक्तानं त्यांचा शर्ट भिजला होता. त्या माणसाला तिथं बसून हिशेब करायला लावणारी जी व्यवस्था आहे ना, तिचा मला संताप येतो. जगातला सगळ्यात श्रीमंत देश म्हणवता आणि बापाला पार्किंगमध्ये बसवता? कसली हो ही श्रीमंती?

आणि बरं, पैसा कमी पडतोय म्हणावं तर तेही नाही. त्या देशाच्या उत्पन्नातल्या दर शंभर डॉलरमागं सतराहून जास्त डॉलर आरोग्यावर जातात. एवढं जगात कुठलाच मोठा देश घालत नाही. तरी अडीच कोटींहून जास्त माणसं विम्याशिवाय. आमच्या यार्डात एवढा माल आत येऊन एवढी तूट निघाली असती, तर दिवाणजीला काट्यावर उभं केलं असतं.

विमा नोकरीला का बांधलाय, हे मी जावयांनाच विचारलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारनं पगारवाढीला लगाम घातला. मग माणसं टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. युद्ध संपलं, गाठ तशीच राहिली. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये सगळ्या देशासाठी एकच विमा मांडला होता, तो डॉक्टरांच्या संघटनेनंच हाणून पाडला. वीस वर्षांनी, १९६५ ला, अध्यक्ष जॉन्सन यांनी म्हाताऱ्यांपुरता मेडिकेअर हा सरकारी विमा आणला, गरिबांसाठी मेडिकेड, आणि पहिलं कार्ड म्हाताऱ्या ट्रुमन यांच्या हातात दिलं. पण मधली कामकरी माणसं? ती मालकाच्या मर्जीवर. आज दुकानात आमचा एक हमाल हे ऐकून एवढंच म्हणाला, "म्हणजे काम गेलं की दवाखाना पण गेला?" होय रे बाबा, तसंच.

लगेच कुणीतरी लिहील, तिथं इमर्जन्सीत कुणाला परत पाठवता येत नाही. बरोबर, १९८६ चा कायदाच आहे. उपचार नाकारता येत नाहीत, पण बिल पाठवता येतं. आम्ही फोनला कंटाळून दुसरीकडं, वीस मिनिटांवरच्या छोट्या दवाखान्यात गेलो. तो आठला बंद झालेला. पुन्हा त्याच काचेच्या दारात. चार टाके. दीड महिन्यानं बिल आलं, दोन हजार आठशे डॉलर, तेव्हाच्या भावानं दोन लाख रुपये. विमा असताना! त्या वर्षीची पहिली ठरावीक रक्कम आपल्या खिशातून गेल्याशिवाय विमा जागाच होत नाही म्हणे.

ओबामांच्या २०१० च्या कायद्यानं बरंच सुधारलं, आधीच्या आजारावरून विमा नाकारणं बंद झालं, हे मान्य. नोकरी गेल्यावर दीड वर्षापर्यंत तोच विमा चालू ठेवता येतो, हेही मान्य. फक्त कंपनी भरत होती तो वाटाही आपणच भरायचा, आणि तो नेमका पगार बंद झाल्यावर!

हे लिहिता लिहिता माझाच आवाज चढला. ही आतून विचारतेय, कुणाशी भांडताय?

त्याच वर्षीचं दुसरं चित्र सांगतो. पुराच्या छावणीत आम्ही चार रात्री होतो. दारात टेबल टाकून दोन पोरसवदा डॉक्टर बसलेले. जो पाण्यातून येईल त्याचा पाय बघायचे, जखम पुसायचे, लेप्टो तापाची गोळी हातावर ठेवायचे. बंगलेवाला, झोपडीवाला, सगळे एकाच रांगेत. कार्ड कुणीच मागितलं नाही. मागितलं असतं तरी ते पुरातच गेलं होतं.

आपल्याकडं सगळं छान आहे असं म्हणत नाही मी. डिपॉझिटसाठी रान विकलेली माणसं माझ्या दुकानात उचल मागायला येतात, आणि फुले योजनेत बसवायला कागद गोळा करता करता पेशंट अर्धा होतो. पण आपण गरीब आहोत, निदान ती सबब तरी आहे. त्यांची सबब काय? ब्रिटननं १९४८ ला सगळ्यांना दवाखाना दिला, तेव्हा युद्धानं त्यांचं कंबरडं मोडलेलं होतं, रेशन चालू होतं. थायलंडनं २००२ ला तेच केलं, दवाखान्याच्या एका खेपेला तीस बाहत (त्यांचं चलन) घेऊन. थायलंड! रांगा लागतात, कर वाढतो, मान्य. लागू देत रांगा. रांगेत निदान आत तरी असतो माणूस.

आणि गंमत बघा. आपल्या मिरजेला दवाखान्यांचं गाव कुणी केलं? अमेरिकेतल्याच मिशननं धाडलेल्या डॉ. वॉन्लेस यांनी, १८९४ पासून. आजही कर्नाटकातून माणसं रेल्वेनं मिरजेला उतरतात. त्याच देशातली माझी लेक आज विचारत होती, "बाबा, मिरजेत एमआरआयला किती पडतात?"

जावयांची मान दोन वर्षं दुखते, हात बधिर होतो.

आत्ता तिचा मेसेज आलाय. विमा आहे तोवर सगळं उरकून घेताहेत. गुरुवारी नातवाचे दात, शुक्रवारी त्याची लस, सोमवारी तिची तपासणी. त्याचा फोटोही धाडलाय, भुवईवर चार टाक्यांएवढी रेघ, तिथं केस आलेच नाहीत. यादीत जावईबापूंचं नाव दिसलं नाही, म्हणून विचारलं.

"ते म्हणतात, एकदा आत गेलं की काय काय काढतील सांगता येत नाही. नवी नोकरी लागल्यावर बघू."