घरातली धोका पातळी

जुलैत कोल्हापूरकरांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे असतं. पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. चार वर्षांचं पोर असलेल्या घराला अशी पट्टी कुणी लावून देत नाही. तिथे पावसाने रंकाळा तलावावरचं फिरणं बंद झालं की इशारा, आणि भर दुपारी पोर गप्प झालं की थेट धोका. आवाज थांबला म्हणजे आजोबांचा चष्मा नाहीतर खोबरेलाची बाटली, दोन्हीपैकी एक कामी आलेली असते.

महागड्या खेळण्यांवर माझा विश्वास नाही. पोराला खेळणं नको असतं, काम हवं असतं. तेही ज्याला 'हात लावू नकोस' म्हटलंय तेच. त्यामुळे खेळ निवडताना मी एवढंच बघतो: यात काही ओतायचं, उघडायचं, मळायचं किंवा पाडायचं आहे का?

पहिला मान घरगुती राधानगरी धरणाचा. 1 लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. बुडापासून दोन बोटं वर, तापवलेल्या दाभणाने एकच बारीक भोक पाडा; हे काम मोठ्यांचं. भोकावर बोट धरून बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, बोट काढा. पाणी थांबतं. झाकण सैल केलं की वरून हवा शिरते आणि धार लागते. खऱ्या राधानगरीचे 7 दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक. इथले साहेब मात्र चड्डीवर मोरीत बसलेले, आणि विसर्ग त्यांच्या मर्जीवर. भोक मोठं पडलं तर झाकण लावूनही गळती होते, कारण हवा खालूनच आत जाते. दोन भोकं पाडली तरी तेच. बाटली दाबली की बंद दरवाजातूनही चिळकांडी उडते, हा शोध साहेबांना लगेच लागतो. आपण पाट टाकून शेजारीच बसायचं. परातभर पाण्याजवळही एवढं पोर एकटं सोडत नाहीत.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, मातीचे बैल घरात आले की पोराला स्वतःचा बैल हवा असतो. माती नको असेल तर 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ, 2 चमचे तेल घ्या आणि साधारण पाऊण वाटी कोमट पाणी थोडं थोडं घालत मळा. मिठामुळे गोळा लवकर नासत नाही आणि चाखणारं पोर बहुधा दुसरा घास घेत नाही. तरी घेणारे वीर असतात, तेव्हा नजर हवी. एवढं मीठ पोटात जाणं बरं नव्हे. पावसाळी हवेत हेच मीठ ओल ओढतं आणि दुसऱ्या दिवशी गोळा हाताला चिकटतो. मूठभर कोरडा मैदा चोळा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रंगाला हळद घातलीत तर डाग साबणाने लाल होतो आणि सासूबाईंना रक्त वाटतं. बैल बसलेलाच करावा. उभ्याचे पाय पोटाच्या वजनाने फाकतात. बसलेला महादेवाचा नंदी म्हणून खपतो.

चिरमुऱ्यांना तोड नाही. खाली चादर, दोन डबे, एक पळी, 4 वाट्या चिरमुरे. खेळ संपला की चादरीची चार टोकं उचलायची. शेंगदाणे, हरभरे यात घालू नका. ते नाकात जातात, आणि हरभरा तिथे ओलीने फुगतो. त्याच चिरमुऱ्यांचं भडंग पाहुण्यांना द्यावं का, हा ज्याच्या त्याच्या संस्कारांचा प्रश्न.

साडीच्या तंबूला लाकडी खुर्च्या घ्या. प्लॅस्टिकच्या, तंबूसकट डोक्यावर येतात.

संध्याकाळी लाईट गेली की कुस्ती. गादी जमिनीवर, भिंत आणि कॉटच्या कडेपासून लांब. तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात, हे पोराला सांगू नये. गादीत घालून बघेल. मनगटाला धरून हिसका कधीच द्यायचा नाही, या वयात कोपराचं हाड सांध्यातून सरकतं. उचलायचं ते काखेत धरून. बापाने हरायचं हे ठरलेलंच, पण जरा घाम गाळून. लगेच आडवा झालेला पैलवान पोराला कळतो, मग कुस्ती निकाली धरत नाहीत आणि जोड पुन्हा पहिल्यापासून लागते.