फडकं खाली ठेवा!

धुळीने गाडी खराब होत नाही. धूळ बिचारी येते, बसते, कुणाला काही करत नाही. गाडी खराब होते ती पुसल्याने, आणि पुसायला तर अवघं जग टपलेलं असतं. शेजारचे काका, पार्किंगचा राखणदार, पाहुणे म्हणून आलेला मेव्हणा, कुणीही गाडीजवळून सरळ निघून जात नाही. खिशातून रुमाल निघतो, हात आपोआप बॉनेटवर पडतो आणि "जरा धूळ बसलीये हो" म्हणत गोल गोल फिरू लागतो. मी वरून ओरडेपर्यंत कार्यभाग उरकलेला असतो. वर चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा.

मी उगाच ओरडत नाही. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चमक म्हणून आपण ज्याच्यावर भाळतो ती सगळी त्याची. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. (माझ्या डोक्यावर मोजमापापुरते उरलेत.) आता धुळीत असते वाळू, वाळूत असतं क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झची कठिणता खनिजांच्या मोह्स मापनात 7 (हिऱ्याची 10). ते काचेवरसुद्धा चरा काढतं, तिथे ह्या थराची काय कथा! सुतार लाकडाला पॉलिशपेपर मारतो तेव्हा तो नेमकं हेच करत असतो. फरक इतकाच, की आपण काय करतोय हे सुताराला माहीत असतं.

बरं, हे लगेच दिसतही नाही. सावलीत गाडी झकास दिसते. ऊन पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल कोळिष्टक उमटतं. ह्यात मजा अशी की चरे गोल नसतातच. ते वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, पण उजेडाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळं दिसतात. ही माहिती मी बऱ्याच जणांना रंगवून सांगितली आहे. सगळ्यांनी मान डोलावली. एकाने तर ऐकता ऐकता मागच्या दारावरच्या धुळीत बोटाने स्वतःचं नाव लिहिलं, वेलांटी-उकारासकट.

पण ह्या सगळ्यांना पुरून उरतात ते आमचे सासरे. त्यांनी आपली गाडी आयुष्यभर रोज सकाळी जुन्या बनियनने पुसली.

"जावईबापू, सुती बनियनची सर कशाला नाही. हात लावून बघा, धुऊन धुऊन कसं मऊ झालंय."

"बाबा, बनियन मऊच आहे हो. धूळ मऊ नाही."

"आमच्या गाडीला काय धाड भरली मग?"

त्यांच्या गाडीचा मूळ रंग कोणता होता ह्यावर घरात एकमत नाही. सासूबाई निळा म्हणतात, बायको हिरवा म्हणते. मी जावई असल्यामुळे मत देत नाही.

बनियनला उत्तर म्हणून मी मायक्रोफायबरची कापडं आणली. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे अतिशय बारीक, चिरलेले तंतू. कण वर घासत न नेता आपल्या पोटात घेतात. कापडं आली तसे नियमही आले. रंगाचं कापड चाकाला लावायचं नाही, चाकाचं काचेला लावायचं नाही, आणि जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा धुतल्याशिवाय रंगाला लागता कामा नये. धुताना त्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, कारण तो तंतूंवर लेप धरतो आणि मग कापड पाणीच शोषत नाही. सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, कारण सुताची लव त्याला चिकटून बसते. हे सगळं मी वॉशिंग मशीनवर कागदावर लिहून चिकटवलं. संध्याकाळी दोरीवर माझी कापडं वाळत होती, गुलाबाचा मंद सुवास येत होता आणि शेजारी, अंगाला अंग लावून, सासऱ्यांची दोन बनियनं होती.

गाडी धुण्याचं म्हणाल तर पद्धत साधी आहे, फक्त ती घरातल्या माणसांना सांगायला जाऊ नये. दोन बादल्या घ्यायच्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोज्यासारखा वॉशमिट शाम्पूत बुडवायचा, गाडीचा एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खंगाळून घाण तिथे सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पूला हात लावायचा. असं केलं नाही तर वेचलेली वाळू आपण इमानेइतबारे परत गाडीला चोळतो. तळाशी जाळी असलेली बादली असेल तर उत्तमच, बसलेला गाळ वर येत नाही.

"गाडीला दोन बादल्या," बायको दारातून म्हणाली, "आणि माणसांनी आंघोळ कशात करायची?"

ह्यावर बादलीतली जाळी दाखवणं हा युक्तिवाद होऊ शकत नाही, हे दाखवून झाल्यावर लक्षात येतं.

भांड्यांचा साबण वापरायचा नाही, तो वॅक्सही उतरवतो. उन्हात धुवायचं नाही, पाणी जागच्या जागी वाळतं आणि त्यातला क्षार पांढरे ठिपके करून बसतो. टपापासून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त माती दारांच्या खालच्या भागात असते. चाकं मात्र सर्वांच्या आधी. चाकांवर जी तपकिरी खर चढते ती ब्रेकची. त्यात लोखंडाचे कण असतात आणि ते काढायला एक द्रावण मिळतं. ते फवारलं की लोखंडाशी प्रक्रिया होऊन रंग जांभळा होतो आणि वास असा सुटतो की नाकाला चिमटा लावावा. मी चारही चाकांवर ते फवारून प्रक्रियेची वाट बघत उभा असताना वरचे काका खाली आले. चाकांतून जांभळे ओघळ वाहत होते. काका जरा वेळ बघत राहिले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुणाला उडवलंत का हो?" आणि बोलता बोलता, निव्वळ सहानुभूतीपोटी, ओल्या बॉनेटवरून त्यांनी रुमाल फिरवला.

पक्ष्यांबद्दल मी फार बोलणार नाही. घाणेरड्या गाड्यांची रांग सोडून धुतलेल्या गाडीवरच ते नेम का धरतात, ह्याचं मला पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही. शिटोडा मात्र खरोखर वाईट. तो आम्लधर्मी असतो. त्यात उन्हाने रंगाचा थर तापून नरम होतो आणि थंड होताना त्या वाळलेल्या पापुद्र्याभोवती आकसतो, म्हणून शिटोडा काढला तरी त्याचा नकाशा राहतो. नखाने खरवडणं हा माणसाचा पहिला विचार, आणि तोच चुकीचा. ओलं कापड त्यावर नुसतं ठेवून द्यायचं, भिजू द्यायचं, मग अलगद उचलायचं. मी ओलं कापड ठेवून घरात गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर कापड व्यवस्थित घडी करून बाजूला ठेवलेलं, डाग गायब, आणि सासरे बनियन झटकत उभे.

"किती वेळ ठेवलंय तिथे कापड! विसरलात वाटतं. मी घासून टाकलं."

इथे मी गाडीला संरक्षण घ्यायचं ठरवलं.

संरक्षणाच्या दुकानात गेलं की पहिल्यांदा आपल्याला आपण किती बेजबाबदार आहोत ह्याची जाणीव करून देतात. तिथल्या तरुणाने पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून माझ्या धुतलेल्या गाडीवरून बोटं फिरवायला लावली. खरखर लागली. पिशवीतून बोटांना बारीकसारीकही कळतं, ही चाचणी खरी आहे. धुऊनही रंगात रुतून राहिलेले कण क्ले बार नावाच्या चिकणमातीसारख्या गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून, ओढून काढावे लागतात. तेवढं झालं की मग वर काय लावायचं हा प्रश्न. कार्नोबा वॅक्स आहे. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते येतं. दिसतं देखणं, टिकतं काही आठवडे. सिंथेटिक सीलंट आहे, ते काही महिने चालतं. आणि मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "साहेब, सिरॅमिक."

सिरॅमिक कोटिंगचा थर सिलिका वर्गातला, रंगाला घट्ट धरून बसणारा, चांगला लावला तर काही वर्षं टिकणारा. पाणी त्यावर थेंब होऊन घरंगळतं. सगळं खरं. "कठिणता 9एच आहे साहेब," असं म्हणून त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता हिऱ्याचं नाव निघणार. आता हा 9एच म्हणजे पेन्सिलचा. रंगावर वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली दाबून ओढायच्या आणि कुठल्या पेन्सिलीने चरा उठतो ते बघायचं, अशी ती चाचणी असते. म्हणजे कोटिंगवर 9एच पेन्सिलीने कुणी रेघ ओढली तर मी सुरक्षित होतो. माझ्या गाडीला पेन्सिलीचा त्रास आजवर झालेला नाही.

"खडा उडाला तर?" मी विचारलं.

"त्याला पीपीएफ घ्यावं लागेल साहेब."

पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म. ती खडा झेलते, आणि तिच्यावरचे बारीक चरे उन्हाच्या उबेने आपोआप भरून येतात. मी हरखलो. मग कळलं, फिल्मवर डाग पडू नयेत म्हणून तिच्यावर पुन्हा सिरॅमिक लावून घेतलेलं बरं. सिरॅमिकवर धूळ बसू नये म्हणून गाडीला कव्हर घातलेलं बरं. आणि कव्हर मळक्या गाडीवर घातलं तर वाऱ्याने हलून तेच रंगाला घासतं, म्हणून कव्हर घालण्याआधी गाडी रोज धुतलेली बरी. एकंदरीत पत्र्याला रंगाचं संरक्षण, रंगाला क्लिअर कोटचं, त्याला फिल्मचं, तिला सिरॅमिकचं, त्याला कव्हरचं, आणि ह्या सगळ्यांच्या वर, बादली घेऊन, मी.

सिरॅमिक लावून आणली. घरी येताच सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "वा! आता पुसायला काय मजा येईल."

बाहेरचं असं असल्यावर माणूस आत आसरा शोधतो. आत काकांचा रुमाल पोचत नाही. पण आत घरचे असतात. सीट आणि मधल्या कप्प्याच्या फटीत बोटं जेमतेम जातात, आणि जातात तिथे काय लागेल सांगता येत नाही. मला पेनांची टोपणं, नाणी, पिना, खाऊचा चुरा आणि एक कानातलं सापडलं. कानातलं बायकोचंच निघालं, पण ते सिद्ध होईपर्यंतचा अर्धा तास फार लांब होता. एसीच्या जाळीतली धूळ काढायला अतिशय मऊ केसांचा ब्रश लागतो. तसा ब्रश प्रत्येक घरात मेकअपच्या डब्यात असतो. ह्यापलीकडे त्याविषयी मी काही बोलू इच्छित नाही.

डॅशबोर्डला चकचकीत करणारी फवारणी मात्र लावू नये. लोक ती हौसेने मारतात आणि मग भर उन्हात समोरच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्डचं प्रतिबिंब दिसतं. स्टिअरिंग आणि पेडलवर तर ती अजिबात नको, हात-पाय सटकतात. ओलसर कापडाने पुसून उन्हापासून वाचवणारं, चमक नसलेलं काही लावलं की झालं. लेदरच्या सीटवर तेल चोळायचं नाही. बहुतेक लेदरवर रंगाचा आणि पॉलिमरचा थर असतो, तेल आत मुरत नाही. वर बसून राहतं आणि शेवटी आपल्या पँटीच्या मागच्या बाजूला मुरतं. कार्पेटवर पाणी ओतायचं नाही, खालचा फोम ते धरून ठेवतो आणि पुढे गाडीला जो कुबट वास लागतो त्यावर कुठलंही अत्तर चालत नाही.

राहिली काच. नव्या गाडीचा जो वास आपण छाती भरून घेतो तो प्लॅस्टिक, गोंद आणि फोम ह्यांतून उडणाऱ्या रसायनांचा. डॅशबोर्ड उन्हात तापला की त्याच्यातूनही अशी वाफ निघते आणि समोरच्या काचेला आतून धुरकट थर देते. रात्री समोरून दिवे आले की तो जाणवतो. काच पुसायची एक युक्ती आहे: आतून आडवं पुसायचं, बाहेरून उभं. मग ओघळ राहिला तर कुठल्या बाजूचा ते रेघेवरून कळतं. एका संध्याकाळी मी आत बसलो, बायकोला बाहेर उभं केलं आणि काचेच्या कडेशी उरलेल्या एका पुसट डागावर बोट ठेवलं.

"बाहेरून आहे," मी म्हणालो.

तिने पुसलं. "बाहेर काही नाही. आतून आहे."

मी पुसलं. डाग तिथेच. तिने बाहेरून नख लावून पाहिलं, मी आतून. काचेच्या दोन बाजूंनी आमची बोटं एकमेकांना भिडली होती आणि डाग दोघांच्या मध्ये होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोरची काच एक नसतेच. काचेचे दोन ताव आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक थर, अशी ती चिकटवलेली असते, म्हणून अपघातात तुकडे उडत नाहीत. कडेला तो थर सुटू लागला की मध्ये असा धुरकटपणा येतो. हे सगळं मी दाराची काच खाली करून, तिला नीट समजेल असं, सविस्तर सांगितलं.

तिने हातातलं कापड माझ्या मांडीवर टाकलं. "मग उघडून पूस," म्हणाली आणि घरात गेली.