समुद्राला कुंपण घालू पाहणारा मेसेज

गेल्या आठवड्यात रत्नागिरीच्या मावसभावाने एक मेसेज पाठवला. खाली त्याची एकच ओळ : "वाच आणि सांग, यात खोटं काय आहे?" त्याआधी तोच मेसेज तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर मला येऊन गेला होता, तेव्हा बराच फिरला असणार. सारांश असा. समुद्रविज्ञानातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य ही फसवणूक आहे. परदेशी जहाजं येतात आणि आपल्या समुद्राची माहिती, नमुने घेऊन जातात. प्रशिक्षणाच्या नावाखाली आपले लोक फुकट फिरून येतात. उपग्रहावरून आता सगळं दिसतं, जहाजं नि बोया (समुद्रात तरंगणारी मापनयंत्रं) हव्यात कशाला. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत : आपला समुद्र आपण बघू, बाकीच्यांशी देणंघेणं नको.

विचारलंस म्हणून लिहितो. सगळं खोटं नाही, आणि म्हणूनच तो मेसेज इतका चालतो.

"परदेशी जहाजं येतात आणि माहिती लुटून नेतात."

असं कोणी उठून येऊ शकत नाही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत संशोधन करायचं तर भारताची परवानगी लागते. आपला १९७६चा सागरी क्षेत्रांचा कायदा तसं सांगतो आणि १९८२चा समुद्री कायद्याचा आंतरराष्ट्रीय करारही. त्या करारातली कलमं एकदा वाचावीत अशी आहेत. जहाज आणणाऱ्या देशाने किमान सहा महिने आधी सगळा तपशील कळवायचा. किनारी देशाला आपली माणसं त्या जहाजावर पाठवायचा हक्क आहे, वर मोहिमेच्या खर्चात वाटा उचलायचं बंधन नाही. जमलेली माहिती आणि नमुने बघायला, वापरायला मिळण्याचाही हक्क आहे.

मेख पुढे आहे. हक्क कागदावर असतो, पण तो बजावायला जहाजावर चढणारा माणूस लागतो. हजार मीटर खालून वर आलेल्या पाण्यातला प्राणवायू रात्री दोन वाजता, हलत्या डेकवर मोजता येणारा. असा माणूस आपल्याकडे नसेल तर परदेशी जहाज आपली माहिती कायदेशीरपणे घेऊन जाईल आणि आपण पोचपावतीवर सही करू. म्हणजे लुटीची भीती खरी धरली तरी तिच्यावरचा इलाज नेमका तोच, ज्याला मेसेज दुसऱ्या मुद्द्यात सहल म्हणतो.

हे आपण एकदा करून दाखवलं आहे. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली. तोवर हा महासागर जगात सर्वांत कमी अभ्यासलेला होता. डझनभराहून जास्त देशांची चाळीसेक जहाजं त्यात उतरली. अमेरिकेचं 'अँटन ब्रून' हे जहाज तर एके काळी तिथल्या राष्ट्राध्यक्षांची नौका होती! भारताकडून नौदलाची 'किस्तना' होती, 'वरुणा' आणि 'काँच' होत्या. आपली जहाजं साधी होती, अनुभव तुटपुंजा होता. पण वाटाघाटींत एक गोष्ट आपण पदरात पाडून घेतली. सगळ्या देशांच्या जहाजांनी एकाच मापाच्या जाळीने प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव, गोळा करायचे, आणि ते नमुने निवडायला भारतात आणायचे. १९६३मध्ये त्यासाठी केरळातल्या कोचीला हिंद महासागर जैविक केंद्र सुरू झालं. युनेस्कोने परदेशी तज्ज्ञ पाठवले आणि आपल्या तरुण मुलामुलींनी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून ते सूक्ष्म जीव गटागटांत वेगळे करायला शिकून घेतलं. कंटाळवाणं काम, पण प्लवक ओळखणाऱ्यांची एक पिढी त्यातून उभी राहिली. मोहीम संपल्यावर १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तीच जी आज गोव्यात दोना पावलाला आहे. कोचीचं केंद्र तिच्यात विलीन झालं, आणि मोहिमेचा भारतीय कार्यक्रम सांभाळणारे डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. 'सहकार्यातून काय मिळालं' याचं उत्तर हवं असेल तर मिरामारहून बस पकडून बघून ये.

आता मेसेजच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो. २०१५च्या एप्रिल-मे महिन्यांत 'जॉइडिस रेझोल्यूशन' या जहाजाने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळाला भोकं पाडली, हजार मीटरहून खोल. जहाज कोलंबोहून निघालं आणि मुंबईला लागलं. मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी केंद्राचे धनंजय पांडे. एक कोटी वर्षांहूनही आधी भारताच्या पश्चिम कडेवरून प्रचंड दरड समुद्रात कोसळली होती, तिचा पुरावा या खोदकामातून हाती आला. तिला नाव मिळालं 'नटराज'. आणि खोदताना वर काढलेले गाळाचे गाभे, म्हणजे लांब दंडगोल नमुने, कुठे गेले? कोचीला. पण केरळातल्या नव्हे, जपानच्या शिकोकू बेटावरच्या कोचीला! हिंद महासागरातले असे गाभे तिथल्या कोठारात ठेवायचे, असं ठरलेलंच होतं. मोहिमेतल्या शास्त्रज्ञांची सुमारे वर्षभराची राखीव मुदत संपली की जगातला कुठलाही संशोधक त्यातला तुकडा मागू शकतो, पुण्याचा असो की पेरूचा. तरीही आपल्या समुद्राचा गाळ बघायला अर्ज करून जपानकडे हात पसरावा लागतो, हे मलाही खटकतं. तसं कोठार आपल्याकडे हवं, हे भांडण मी आनंदाने भांडेन. पण ते कोठार चालवायला लागणारी माणसं असल्याच मोहिमांवर तयार होतात.

"प्रशिक्षण म्हणजे फुकटची सहल."

एका कार्यक्रमाचं उदाहरण घे. जपानचं निप्पॉन फाउंडेशन आणि महासागर निरीक्षण करणाऱ्या संस्थांची 'पोगो' ही जागतिक भागीदारी मिळून विकसनशील देशांतल्या दहा तरुणांना दर वर्षी दहा महिने शिकवायचे. सुरुवातीला, २००८पासून, हा वर्ग बर्म्युडात भरायचा. हे मेसेजवाल्यांना माहीत नसावं, नाहीतर त्यांनी समुद्रकिनाऱ्याचा फोटोच जोडला असता. २०१३पासून तो जर्मनीच्या हेल्गोलांड बेटावर गेला. उत्तर समुद्रात, दीडेक चौरस किलोमीटरचं बेट, हिवाळ्यात वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. सहलीला कोणी तिथे दहा महिने राहत असेल तर त्याला माझा साष्टांग नमस्कार.

आणि प्रवास एकाच दिशेने होत नाही. हैदराबादला 'इन्कॉइस' या महासागराची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या आवारात युनेस्कोशी जोडलेलं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे आफ्रिकेच्या आणि आशियाच्या किनाऱ्यांवरून लोक शिकायला येतात, आणि शिकवणारे आपले असतात. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही, कारण मग 'ते लुटतात, आपण लुटले जातो' ही मांडणी जमत नाही. स्वावलंबनाचा मुद्दा असेल तर माणसांना खोल समुद्रात उतरवायची आपली 'समुद्रयान' मोहीम घे. सहा हजार मीटरवर जाणारी आपली पाणबुडी बनते आहे, पण ती चालवायचा सराव कुठे करायचा? म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या 'नॉतील' या पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरले, त्यातला एक ५,००२ मीटरपर्यंत. गाडी घेण्याआधी माणूस शेजाऱ्याच्या गाडीवर हात बसवून घेतो, तशातलाच प्रकार.

"उपग्रहावरून सगळं दिसतं."

हे सपशेल चूक आहे. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. उपग्रहाला तापमान कळतं ते पाण्याच्या वरच्या पातळशा कातडीचं, आणि समुद्र सरासरी साडेतीन हजार मीटरहून जास्त खोल आहे. चक्रीवादळाला बळ मिळतं ते फक्त त्या कातडीतून नाही. खाली पन्नास-शंभर मीटरपर्यंत पाणी किती गरम आहे, यावर ते किती चेव धरेल हे बरंचसं ठरतं. ते मोजतात 'आर्गो' या आंतरराष्ट्रीय जाळ्याचे फ्लोट, म्हणजे पाण्यात वाहत राहणारी मापनयंत्रं. माणसाएवढ्या उंचीचं नळकांडं हजार मीटर खोलीवर वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतं, आणि येताना तापमान नि क्षारता नोंदवून उपग्रहाला पाठवतं. जगभरात असे सुमारे चार हजार फ्लोट आहेत. कोणत्याही एका देशाला ते एकट्याने पोसणं परवडणार नाही. एखादा फ्लोट वाहत कुठे जाईल हे त्याच्या मालकाच्याही हातात नसतं, म्हणून बहुतेक नोंदी चोवीस तासांत सगळ्यांसाठी खुल्या होतात.

बोयांचंही तसंच. मान्सूनचा अभ्यास करायला हिंद महासागरात 'रामा' नावाची नांगरलेल्या बोयांची रांग आहे. त्यात अमेरिकेने बोया द्यायच्या आणि भारताने 'सागर कन्या', 'सागर निधी'सारखी जहाजं देऊन त्या पाण्यात सोडायच्या, काढायच्या. उपकार कोणाचे कोणावर? हा सरळ सौदा आहे.

"आपला समुद्र आपण बघू."

२६ डिसेंबर २००४ला सुमात्राजवळ भूकंप झाला. चेन्नईच्या किनाऱ्यावर लाट येईपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ होता, आणि सांगणारं कोणी नव्हतं, कारण हिंद महासागरात इशाऱ्याची यंत्रणाच नव्हती. २००७मध्ये हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. २०१३पासून भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया हे तीन देश मिळून सगळ्या हिंद महासागराला इशारे देतात.

तू कोकणातला, तेव्हा सुमात्रापेक्षा मकरान तुझ्या जवळचं. पाकिस्तान आणि इराणचा तो किनारा नोव्हेंबर १९४५मध्ये हादरला होता, आणि त्याच्या लाटेने मुंबईतही माणसं वाहून नेली. तिथे पुन्हा तसं झालं तर आपले भूकंपमापक धक्का टिपतील, इशाराही हैदराबादहूनच निघेल. पण लाट खरंच उठली आहे का, आणि किती उंच, हे किनाऱ्यावर सर्वांत आधी कळेल ते रत्नागिरीच्या बंदरात नव्हे, चाबहार, ग्वादर किंवा मस्कतच्या भरतीमापकावर. ते यंत्र त्या वेळी चालू असायला हवं, आणि त्याची नोंद आपल्याकडे यायला हवी. ते चालू ठेवणाऱ्याला कुणीतरी शिकवलेलं असायला हवं, मग ते हैदराबादला का असेना.